धोतरं, कोंबड्या आणि शनिवार दुपारचे तीन

"मामा, युनायटेड खरंच कधी चांगली टीम होती का रे?"

2025 चा मे महिना, रात्रीचे अडीच. बिल्बाओमध्ये युरोपा लीगची फायनल नुकतीच संपली होती आणि टॉटनहॅमनं मँचेस्टर युनायटेडला 1-0 असं हरवलं होतं. त्या मोसमात लीगमध्ये युनायटेड शेवटी पंधरावी आली. वीस टीममध्ये पंधरावी. भाचा सुट्टीत आमच्याकडे राहायला आलेला, अकरा वर्षांचा. अंगात मँचेस्टर सिटीची आकाशी जर्सी, पाठीवर हालांड, मांडीवर चुरमुऱ्यांचं रिकामं पातेलं. त्याच्या प्रश्नात खोडसाळपणा असता तर मी दोन शब्द सुनावून मोकळा झालो असतो. पण तो मनापासून विचारत होता. आजोबांना "तुम्ही खरंच झाडावर चढायचात?" असं विचारावं, तसा. त्याचा जन्म 2014 चा, म्हणजे युनायटेडचे मॅनेजर सर अॅलेक्स फर्ग्युसन निवृत्त झाल्यावर वर्षभरानंतरचा. त्याच्या हयातीत युनायटेडनं एकदाही लीग जिंकलेली नाही.

मी त्याला झोपायला पाठवलं. मला मात्र झोप लागेना.

माझी युनायटेड सुरू झाली ती 26 मे 1999 ला. तारीख लक्षात राहायला कारण आहे. त्या दिवशी दुपारपासून अख्खा वाडा टाँटनची मॅच बघत होता. वर्ल्ड कप, समोर श्रीलंका, गांगुली 183, द्रविड 145, दोघांची 318 ची भागीदारी. मॅच जिंकली, आमच्याकडे जमलेली मंडळी आपापल्या खोल्यांकडे गेली, आईनं अंथरुणं घातली. मी बारावीची परीक्षा देऊन निकालाची वाट बघत बसलेला, त्यामुळे घरात कुणाची मला काही बोलायची हिंमत नव्हती. केबलवर सव्वाबाराला बार्सिलोनातली चॅम्पियन्स लीगची फायनल होती, युनायटेड विरुद्ध बायर्न म्युनिक. फुटबॉलमधलं तोवर मला वर्ल्ड कपपुरतंच कळत होतं. आवाज पूर्ण बंद करून, टीव्हीला नाक लावून बसलो. सहाव्याच मिनिटाला बायर्ननं गोल केला आणि मग नव्वद मिनिटं होईपर्यंत काहीच घडलं नाही. झोपायला उठणार, तेवढ्यात भरपाईच्या वेळात शेरिंगहॅमचा गोल, दोन मिनिटांनी सोल्शायरचा. मी उशी तोंडात कोंबून ओरडलो. तरीही बाबा जागे झाले आणि "कोण आहे रे तिकडे?" म्हणत काठी शोधू लागले.

त्या रात्री मला वाटलं, जगातला सर्वात मोठा क्लब कुठला हे ठरलं. कायमचं ठरलं.

चारच दिवसांनी, 30 मे ला, त्याच मँचेस्टरमधला दुसरा क्लब वेम्बलीवर खेळत होता. सिटी. सामना होता तिसऱ्या श्रेणीतून दुसऱ्या श्रेणीत जाण्याचा आणि समोर होते जिलिंगहॅम. एकोणनव्वदाव्या मिनिटाला सिटी 0-2 नं मागे. तिथून हॉरलॉकचा गोल, भरपाईच्या वेळात डिकॉव्हचा, मग पेनल्टी शूटआउट, आणि सिटी वर गेली. आमच्या पेपरात ही बातमी आली असेल तर मला तरी दिसली नाही. आली असती तरी मी पान उलटलं असतं. आज भाचा ज्या क्लबची जर्सी घालून झोपतो, तो क्लब त्या आठवड्यात माझ्या खिजगणतीतही नव्हता.

इंग्लिश फुटबॉल बघणाऱ्या आपल्याकडच्या माणसाचं वय त्याला न विचारता सांगता येतं, असं मला हल्ली वाटतं. युनायटेडवाला असेल तर नव्वदच्या दशकात शाळा-कॉलेजात. आर्सेनल म्हणाला तर 2004 च्या आसपास मिसरूड फुटलेली, कारण त्या मोसमात आर्सेनलनं 38 पैकी एकही सामना हरला नाही आणि आँरीसारखं धावायचा प्रयत्न करून आमच्या मैदानावर निदान तिघांनी घोटे मुरगळून घेतले. चेल्सी म्हणजे त्यानंतरची दोन-तीन वर्षं. सिटीवाले सगळे अजून क्लासला जातात. आपण म्हणतो क्लब निवडला. निवडला कसला! सोळाव्या वर्षी टीव्हीवर जो जिंकत होता, तो आपल्याला चिकटला.

याला एक अपवाद मी जवळून पाहिला. मित्राचा थोरला भाऊ, आम्ही सगळे त्याला दादाच म्हणायचो, लिव्हरपूलचा. ऐंशीच्या दशकातल्या क्रीडा साप्ताहिकांतली कात्रणं त्यानं कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली. लिव्हरपूलनं 1990 मध्ये अठरावं विजेतेपद मिळवलं तेव्हा युनायटेडच्या खात्यात सात होती. त्यानंतर आम्ही मोजत गेलो आणि दादा ऐकत गेला. 2011 मध्ये आमचं एकोणिसावं झालं त्या दिवशी मी मुद्दाम त्याच्या दुकानात जाऊन पेढे दिले. त्यानं एक पेढा खाल्ला, बॉक्स गिऱ्हाइकांसाठी काउंटरवर ठेवला आणि म्हणाला, "खा, खा. आम्हीही असेच वाटायचो." त्याला तीस वर्षं थांबावं लागलं. 2020 च्या जूनमध्ये लिव्हरपूल विजेते ठरले तेव्हा दुकानं अर्धी बंद, स्टेडियम रिकामी, तोंडाला मास्क. दादानं मला व्हॉट्सअॅपवर पेढ्यांचा नुसता फोटो पाठवला. 2025 मध्ये विसावं झालं, म्हणजे बरोबरी. त्यानं काही पाठवलं नाही. ते जास्त लागलं.

तर भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मी मागे जायला लागलो. युनायटेडच्या आधी लिव्हरपूल, ठीक. लिव्हरपूलच्या आधी? आणि त्याही आधी? अगदी पहिलं कोण?

पहिलं प्रेस्टन नॉर्थ एंड.

काही वर्षांपूर्वी ऑफिसच्या कामानं मँचेस्टरला तीन आठवडे होतो, तेव्हा एका शनिवारी मी तिथे गेलो होतो. तेव्हा काही संशोधन वगैरे डोक्यात नव्हतं. ओल्ड ट्रॅफर्डचं तिकीट परवडेना आणि प्रेस्टनचं स्वस्त होतं, एवढंच. स्टेशनवरून डीपडेलला, म्हणजे प्रेस्टनच्या मैदानावर, चालत गेलो. लाल विटांची एकाला एक चिकटलेली घरं, बारीक पाऊस, आणि गळ्यात मफलर गुंडाळलेली माणसं दोन-दोन, तीन-तीन करत एकाच दिशेनं निघालेली. सारसबागेजवळ उभं राहिलं की नेहरू स्टेडियमकडे चाललेली गर्दी ओळखू येते, तशी. मैदानाबाहेर टॉम फिनी या प्रेस्टनच्या जुन्या खेळाडूचा पुतळा आहे. पाण्यानं भरलेल्या मैदानावर घसरत बॉल काढतानाचा, भोवती पाण्याचे फवारे उडताहेत. 1956 च्या एका फोटोवरून केलेला.

आत खायला काय मिळतं म्हणून बघितलं. शनिवार, म्हणजे आमच्याकडे सामिष नाही. परदेशात हे पाळायचं म्हणजे उपाशी राहायची तयारी. पण प्रेस्टनमध्ये बटर पाय नावाचा एक प्रकार मिळतो. इथल्या कॅथलिक लोकांना शुक्रवारी मांस चालत नसे, त्यांनी काढलेली ही वाट: बटाटा, कांदा, लोणी, मिरपूड, सगळं मैद्याच्या पारीत भाजलेलं. हिरवी मिरची आणि आलं-लसूण विसरलेला बटाटेवडाच म्हणा. पण त्या थंडीत दोन खाल्ले.

शेजारच्या खुर्चीवर सत्तरीचे एक गृहस्थ होते. कुठून आलात, म्हणाले. पुणे म्हटलं की परदेशात पुढे "मुंबईजवळ" असं जोडावं लागतं, म्हणून मी तोंड उघडलं, तर ते म्हणाले, "म्हणजे ब्लॅकबर्नचे मालक तुमच्याच गावचे!" आणि माझा हात पुन्हा एकदा, आधीपेक्षा जरा जोरातच, हलवला. प्रेस्टन आणि ब्लॅकबर्न ही शेजारी गावं, शेजारी क्लब. त्यांचं प्रेम सांगायला नको.

समोरच्या स्टँडमधल्या खुर्च्यांच्या रंगांतून फिनीचा चेहरा तयार होतो, गोलमागच्या दुसऱ्या स्टँडमध्ये बिल शँक्लीचा. शँक्लीही प्रेस्टनचा खेळाडू. आणि एका बाजूच्या स्टँडचं नाव 'इन्व्हिन्सिबल्स', म्हणजे अजिंक्य. कारण 1888-89 मध्ये जगातली पहिली फुटबॉल लीग सुरू झाली, तेव्हा प्रेस्टननं 22 सामन्यांत 18 जिंकले, 4 बरोबरीत सोडवले, एकही हरला नाही. त्याच मोसमात एफए कप जिंकला आणि त्यात एकही गोल होऊ दिला नाही. पुढच्या वर्षी परत लीग जिंकली. त्यानंतर आजतागायत एकदाही नाही.

त्या पहिल्या लीगमध्ये बारा क्लब होते. सहा वायव्य इंग्लंडमधल्या लँकेशरचे, सहा मधल्या भागातल्या मिडलंड्सचे. लंडनचा एकही नाही. आपल्याला आर्सेनल-चेल्सी-टॉटनहॅमची सवय झालेली, त्यामुळे हे वाचताना डोळे चोळावे लागतात. प्रेस्टन, ब्लॅकबर्न, बोल्टन, बर्नली, अॅक्रिंग्टन आणि एव्हर्टन. शेवटचा सोडला तर सगळी गिरणगावं. आणि ते योगायोगानं नाही. 1850 च्या कारखाना कायद्यानं गिरण्यांमधल्या बायका-मुलांना शनिवारी दुपारी दोनला सुट्टी मिळाली, हळूहळू पुरुषांनाही. दोनला भोंगा, घरी जाऊन तोंड धुणं, एखादा घोट, आणि तीनला मॅच. शनिवार दुपारचे तीन ही इंग्लिश फुटबॉलची वेळ गिरणीच्या भोंग्यानं ठरवलेली आहे. लालबाग-परळच्या माणसाला हे समजावून सांगावं लागू नये.

प्रेस्टनचा कर्ताधर्ता मेजर विल्यम सडेल हा गिरणीचाच मॅनेजर. त्यानं स्कॉटलंडहून चांगले खेळाडू आणले, त्यांना गावात नोकऱ्या लावून दिल्या आणि वर खेळायचे पैसेही दिले. त्या काळी पैसे घेऊन खेळणं नियमात बसत नव्हतं. 1884 मध्ये समोरच्या टीमनं तक्रार केली तेव्हा सडेलनं सरळ सांगून टाकलं, हो, देतो. प्रेस्टनला कपमधून काढलं, पण वर्षभरात नियमच बदलावा लागला आणि 1885 मध्ये व्यावसायिक फुटबॉल अधिकृत झालं. पुढे कळलं की क्लबवर उधळलेला पैसा सडेलनं गिरणीच्या तिजोरीतून काढलेला होता. 1895 मध्ये तो तुरुंगात गेला. पहिल्या अजिंक्य टीमचा पाया अफरातफरीवर! आणि लीगची कल्पना ज्यानं मांडली तो अॅस्टन व्हिलाचा विल्यम मॅकग्रेगर, त्याचं बर्मिंगहॅममध्ये कापडाचं दुकान होतं. जिकडे तिकडे कापड.

आणि हे कापड विकत कोण घेत होतं, तर आपण.

हे मला कळलं तेव्हा मी चहाचा कप खाली ठेवला. ब्लॅकबर्नच्या मागांवर हिंदुस्थानासाठी धोतरं विणली जात. तिथल्या व्यापाराच्या भाषेत त्यांना 'धूतीज' म्हणत आणि गावातल्या कित्येक गिरण्यांचं तेच मुख्य काम होतं. लँकेशरच्या कापड निर्यातीचं शिखर 1913 चं, आणि त्यातला मोठा वाटा आपल्याकडे येत होता. ब्लॅकबर्न रोव्हर्सनं लीग जिंकली ती 1912 आणि 1914 मध्ये. आता धोतरांच्या विक्रीमुळे लीग जिंकली असं कुणी म्हणेल तर मी हसेन. पण गावात काम होतं, शनिवारी खिशात पैसे होते, दारावर तिकीट काढणारी माणसं होती आणि त्या पैशांवर ब्लॅकबर्न चांगले खेळाडू आणत होतं, एवढं नक्की. माझ्या पणजोबांच्या धोतराचे दोन-चार आणे त्यात गेले असतील.

की नसतील? 1905 मध्ये पुण्यात विलायती कापडाची होळी झाली, टिळकांच्या उपस्थितीत, तरुण सावरकरांच्या पुढाकारानं. आमच्या घराण्यात एकानं त्यात टोपी टाकल्याची कथा सांगितली जाते. अशी कथा पुण्यातल्या प्रत्येक घराण्यात सांगितली जाते, आणि सगळ्या खऱ्या असत्या तर ती होळी आठवडाभर जळत राहिली असती. ते असो. पहिल्या महायुद्धानंतर आपल्या गिरण्या वाढल्या, जपानी माल आला, स्वदेशी आली, आणि लँकेशरची गिऱ्हाइकं गेली. 1931 च्या सप्टेंबरमध्ये गांधीजी गोलमेज परिषदेला गेले होते तेव्हा ब्लॅकबर्नजवळच्या डार्वेनला मुद्दाम जाऊन आले. बेकार झालेल्या, होणाऱ्या गिरणी कामगारांना भेटले. त्या बायकांच्या घोळक्यात हसत उभे असलेल्या गांधीजींचा फोटो प्रसिद्ध आहे. त्याच वर्षी, लीग सुरू झाल्यावर त्रेचाळीस वर्षांनी, पहिल्यांदाच लंडनचा क्लब विजेता झाला होता. आर्सेनल.

आर्सेनलचीही गोष्ट गमतीची आहे, कारण ती खरी हडर्सफील्डची गोष्ट आहे. हडर्सफील्ड यॉर्कशरमधलं लोकरीचं गाव. तिथल्या टाउन क्लबनं 1924, 1925 आणि 1926 अशी सलग तीन वर्षं लीग जिंकली. हे आधी कुणालाच जमलं नव्हतं. पण दोन वर्षं झाल्यावर मॅनेजर हर्बर्ट चॅपमनला आर्सेनलनं नेलं. चॅपमननं तिकडे खेळण्याची पद्धत बदलली, बोल्टनकडून डेव्हिड जॅकला दहा हजार पौंडांच्या वर मोजून आणलं, इतकंच काय, भुयारी रेल्वेच्या स्टेशनचं नाव बदलून 'आर्सेनल' करून घेतलं. 1934 च्या जानेवारीत तो न्यूमोनियानं गेला, पण त्याची टीम जिंकत राहिली. यानंतर पंचवीस वर्षांनी हडर्सफील्डकडे आणखी एक मॅनेजर होता, आपला खुर्च्यांवर दिसणारा शँक्ली. 1959 च्या डिसेंबरमध्ये त्याला लिव्हरपूलनं नेलं. लिव्हरपूल तेव्हा दुसऱ्या श्रेणीत होतं. पुढचं दादाला विचारा, तो तीन तास सांगेल. इंग्लंडमधल्या दोन साम्राज्यांचे संस्थापक एकाच छोट्या गावातून उचलले गेले, आणि हडर्सफील्डच्या खात्यात अजूनही तीनच.

मग प्रश्न येतो की खेळाडू तरी लहान गावात का थांबत होते? तर त्यांना जायची मुभा नव्हती आणि जाऊन फायदाही नव्हता. 1901 पासून पगारावर कमाल मर्यादा होती. आधी आठवड्याला 4 पौंड, वाढत वाढत 1961 मध्ये 20. कुठेही गेलात तरी वीसच. टॉम फिनी, ज्याला त्या काळातले लोक स्टॅन्ली मॅथ्यूजच्या बरोबरीनं मोजत, तो आयुष्यभर प्रेस्टनला खेळला आणि जोडीला नळदुरुस्तीचा धंदा करत राहिला. 'प्रेस्टनचा प्लंबर' हे त्याचं नाव कौतुकाचं वाटतं, पण त्याला 1952 मध्ये इटलीच्या पालेर्मोकडून दहा हजार पौंड नुसते सही करायचे मिळत होते. क्लबनं नाही म्हटलं. विषय संपला. त्याच्या पुढच्याच मोसमात प्रेस्टन आणि आर्सेनल दोघांचे 54 गुण झाले आणि गोलांच्या सरासरीच्या काही शतांशांनी लीग आर्सेनलला गेली. फिनीला ना लीग मिळाली ना कप. त्या पुतळ्याभोवतीचं पाणी बघताना मला हे माहीत नव्हतं, ते बरंच.

पगाराची मर्यादा अन्यायाचीच होती, यात मला शंका नाही. मैदानात साठ हजार लोक पैसे देऊन येताहेत आणि ज्याला बघायला येताहेत तो बसनं घरी जातोय. पण याच अन्यायाच्या आडोशाला लहान गावं टिकून होती. 1960 मध्ये लीग जिंकली ती बर्नलीनं. लोकसंख्या ऐंशी हजार. पुढच्या मोसमात पहिल्या श्रेणीतल्या 22 क्लबांमध्ये प्रेस्टन, बर्नली, बोल्टन, ब्लॅकबर्न आणि ब्लॅकपूल, पाचही होते. त्याच मोसमाच्या मध्यात, 1961 च्या जानेवारीत, खेळाडूंच्या संघटनेनं संपाची तयारी केली आणि मर्यादा उठली. फुलहॅमच्या जॉनी हेन्सला आठवड्याला 100 पौंड मिळू लागले. आणि त्याच मोसमाच्या शेवटी प्रेस्टन पहिल्या श्रेणीतून खाली घसरलं, ते अजून परत आलेलं नाही. फिनी वर्षभर आधीच निवृत्त झाला होता. बर्नली तर 1987 मध्ये शेवटच्या दिवसाचा शेवटचा सामना जिंकली म्हणून चौथ्या, म्हणजे शेवटच्या श्रेणीत तरी राहिली.

नॉटिंगहॅम फॉरेस्टचं नाव इथे घ्यायलाच हवं, कारण ते कुठल्याच हिशेबात बसत नाही. 1977 मध्ये दुसऱ्या श्रेणीतून कसेबसे वर आले, 1978 मध्ये लीग जिंकले, 1979 आणि 1980 मध्ये युरोपियन कप, म्हणजे आजची चॅम्पियन्स लीग. ब्रायन क्लफ आणि पीटर टेलर या जोडगोळीनं ते केलं आणि परत कधी झालं नाही. लीग एकदा, युरोप दोनदा. घरच्या परीक्षेत एकदा पहिला आलेला मुलगा बोर्डात दोनदा पहिला यावा, असं काहीतरी.

पण फॉरेस्टसारखं होण्याची दारं त्याच सुमारास बंद व्हायला लागली होती. 1983 पर्यंत तिकिटांच्या पैशातला एक वाटा पाहुण्या क्लबला मिळे. मोठ्या मैदानावर खेळायला गेलेला लहान क्लब चार पैसे घेऊन येई. तो वाटा बंद झाला. टीव्हीचे पैसे चारही श्रेणींतल्या 92 क्लबांत वाटले जायचे, तेही मोठ्यांना खुपायला लागलं. 1992 मध्ये पहिल्या श्रेणीतले 22 क्लब वेगळे होऊन त्यांनी प्रीमियर लीग काढली आणि पाच वर्षांचा 30.4 कोटी पौंडांचा टीव्हीचा करार केला. एकत्र कुटुंबातून कमावते भाऊ बाहेर पडतात तसं. आणि नेमक्या त्या घटकेला जो जिंकायला लागला, तो माझा क्लब. फर्ग्युसन मोठाच माणूस, एकवीस मोसमांत तेरा विजेतेपदं काही आपोआप होत नाहीत. पण आमच्या वाड्यातल्या चौदा इंची टीव्हीपर्यंत युनायटेड पोहोचली, सडेलची टीम पोहोचली नसती, यात फर्ग्युसनचा काय दोष आणि काय पराक्रम?

लँकेशरनं मध्ये एकदा उसळी मारली. जॅक वॉकर हा ब्लॅकबर्नचाच माणूस, पोलादाचा धंदा विकून गब्बर झालेला. त्यानं लहानपणापासूनच्या आपल्या क्लबमध्ये पैसा ओतला, डॅल्ग्लिशला मॅनेजर आणलं, शिअररला आणलं, आणि 1995 च्या मे महिन्यात ब्लॅकबर्न विजेते झाले. शेवटचा सामना ते लिव्हरपूलशी हरले, तरी विजेते, कारण युनायटेडला वेस्ट हॅमशी बरोबरीच साधता आली. 1914 नंतर 1995. एक्याऐंशी वर्षं. वॉकर 2000 मध्ये गेला, आणि दहा वर्षांनी, 2010 च्या नोव्हेंबरमध्ये, क्लब विकत घेतला पुण्याच्या व्यंकीजनं. कोंबड्यांचा व्यवसाय असलेल्या घराण्यानं, 2.3 कोटी पौंडांना.

आमच्या कट्ट्यावर त्या दिवशी जो हशा झाला! "आता गोल झाला की अंडी वाटणार." पण हसता हसता एक अभिमानही होताच, धोतरं विकणाऱ्या गावाचा क्लब आपल्या गावानं घेतला म्हणून. ब्लॅकबर्नचे खेळाडू ड्रेसिंग रूममध्ये चिकन खाताहेत अशी जाहिरातही आली. तिकडे मात्र कुणी हसत नव्हतं. 2012 मध्ये क्लब प्रीमियर लीगमधून बाहेर पडला. विगनविरुद्धच्या त्या सामन्यात कुणीतरी क्लबचा झेंडा गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली. 2017 मध्ये तिसऱ्या श्रेणीत गेला, पुढच्याच वर्षी परत वर आला. मालकांनी मधल्या काळात पैसा थांबवला नाही, हेही खरं. पण वॉकर गावचाच माणूस होता, आणि पुण्याहून शनिवार दुपारचे तीन फार लांब पडतात. डीपडेलमधल्या त्या गृहस्थांनी माझा हात का हलवला, ते मला हे सगळं वाचल्यावर नीट कळलं.

2003 मध्ये चेल्सीला रशियन अब्जाधीश अब्रामोविच भेटला, 2008 मध्ये सिटीला अबुधाबीचा पैसा. त्यांच्यापुढे वॉकरचा पोलादाचा पैसा म्हणजे पतपेढी. 2009 मध्ये फर्ग्युसननं सिटीची 'गोंगाट करणारे शेजारी' म्हणून टर उडवली होती. 2021 ते 2024 सिटीनं सलग चारदा लीग जिंकली, हडर्सफील्डपेक्षा एक जास्त. शंभराहून अधिक आर्थिक नियमभंगांचे आरोप त्यांच्यावर 2023 मध्ये ठेवले गेले, सिटीनं ते नाकारले. हे मी भाच्याला सांगितलं तेव्हा त्यानं शांतपणे विचारलं, "मग गोल कॅन्सल होतात का?"

या हिवाळ्यातला एक शनिवार. तिकडे दुपारचे तीन, आपल्याकडे रात्रीचे साडेआठ. इंग्लंडमध्ये शनिवारी तीनचे सामने टीव्हीवर दाखवत नाहीत; लोक घरी बसतील आणि लहान क्लबांची मैदानं ओस पडतील म्हणून हा नियम साठच्या दशकापासून आहे, आणि त्यासाठी अडून बसलेला माणूस होता बर्नलीचा अध्यक्ष बॉब लॉर्ड, धंद्यानं खाटीक. आपल्याला असलं बंधन नाही. भाचा जेवणाचं ताट घेऊन टीव्हीसमोर बसला होता. मी शेजारी बसून फोनवर दुसराच स्कोअर बघत होतो. तीस सेकंदांनी एकदा पडदा खाली ओढायचा, गोल गोल फिरणारं चक्र थांबलं की बघायचं. ताईनं दोनदा आमटी वाढू का विचारलं, मी ऐकलं नाही.

भाच्यानं मान वाकडी करून माझ्या फोनमध्ये डोकावलं.

"हे पीएनई कोण?"

"प्रेस्टन. पहिले चॅम्पियन."

त्यानं भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला.

"कशाचे?"